पावसापलीकडची पानं

दिग्गीजवळची वाडी,
मे १९५९

प्रिय अक्का,

एकदा वाचायला आलेलं मूल वाचणं विसरतं का? आणि विसरलं, तर ते शिकलं होतं असं म्हणायचं की नाही? बी. ए. झाले, ट्रेनिंग झालं, मास्तरांना वाचन कसं शिकवावं हे दाखवत तालुक्याच्या शाळांमधून हिंडते, तरी मला याचं उत्तर देता येत नाही. घरात पदवी आणणारी मी पहिली, म्हणून तुम्ही सगळं मला विचारता. हे मात्र मीच तुला विचारते आहे. (वासू, सावकाश वाच रे, आईला नीट ऐकू येऊ दे. आणि पान उलटून शेवट बघू नकोस, मी तुला ओळखते.)

या वाडीत आले तेव्हा मी खूश झाले होते. कौलारू पडवीत शाळा, सारवलेली जमीन आणि मुलांचं वाचन असं खणखणीत, की रामनगरच्या शाळेनं लाजावं. धाकलू नावाचा पोरगा तर ठेक्यात वाचत होता. त्याच्याकडे नीट पाहिलं, तर पुस्तक मिटलेलं! मी पुस्तक हातात घेतलं. पहिली काही पानं बोटांनी काळी पडलेली, कोपरे झिजलेले, आणि त्यापुढची सगळी पानं नव्यासारखी कोरी करकरीत. त्यातलं एक उघडून पुढे केलं तर धाकलूनं ते शेजारच्या पोरीकडे, पुतळीकडे सरकवलं. ती म्हणाली, “तितंवर आमी कदी पोचतच न्हाई, बाई. पावसात समदं विसरतोय, मग दसऱ्याला परत पैल्यापास्नं.”

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. पाऊस लागला की मधला ओहळ चढतो, वाट बंद होते. इथल्या उमाजी मास्तरांची बायकामुलं हल्याळकडे, ते त्याआधी घरी जातात आणि दसऱ्याला परततात. तोवर मुलं डोक्यावर पावसाची इरली घेऊन गुरांमागं आणि शेतात. पाटीला हात लागत नाही. मास्तरांना दोष कसा देऊ? मी विचारलं तेव्हा हसून म्हणाले, “बाई, मलाबी आता झोपेत तीच पानं दिसत्यात. पुस्तकाचा शेवट काय हाय, ते तुमी तरी सांगा.” धाकलू तिसरीत, पुतळी चौथीत, पण दोघंही त्याच पानांवर.

मी बरोबर आगगाडीचे, गलबताचे तक्ते आणले होते, ते गुंडाळून ठेवले. मुलांना म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते. ती बोलली रानडुकराविषयी. पुतळीच्या परड्यात कणगं, म्हणजे गोड कंद लावलेले असतात. डुकरानं ते उकरून खाल्ले आणि तिचा बाप लाडू त्याच्यामागं धावताना शेणात पडला. मी फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिलं. दुसऱ्या दिवशी आधी लिहिलेलं पुसून तेच शब्द वेगळ्या क्रमानं मांडले, तर तिनं अडखळत, पण बघून बघून वाचलं! लाडू दारात उभा होता. म्हणाला, “बाई, ह्ये आमचंच बोलनं हाय. ह्येला शाळा कशाला?” मग पोरीला म्हणाला, “ते शेणाचं परत वाच गं.” तिनं वाचलं. तोच सगळ्यात मोठ्यानं हसला.

गेल्या आठवड्यात पुतळीनं पुस्तकातलं कोरं पान आपणहून उघडलं आणि कुणी न सांगता चार ओळी वाचल्या. मास्तर खुर्चीवरून उठून तिच्यामागे उभे राहिले. वाचून झाल्यावर मात्र तिचं तोंड उतरलं. म्हणाली, “बाई, दसऱ्याला मी परत येडी हुनार न्हवं?” मी नाही म्हणाले. कशाच्या बळावर म्हणाले, ते मलाच कळेना. दारात उभा असलेला लाडू एवढंच बोलला, “पावसात कुनी मास्तर ऱ्हात न्हाई हितं. ऱ्हायलं, तर भात हाय, घोंगडी हाय, बायजाकाकीच्या घरात एक खोली हाय.”

शाळेतून निघताना मला तुझी आठवण आली. सुपात तांदूळ पसरून तू मला ‘अ’ काढायला शिकवायचीस. चुकलं की हातानं तांदूळ सारखे करायचीस आणि म्हणायचीस, पुसलं बघ, आता नवा काढ. तेव्हा तू चौथीत होतीस. आई गेली, तुझी शाळा सुटली, माझी सुरू झाली. आणि आता दाजींनी केवढी खटपट करून बेळगावच्या मुलींच्या हायस्कुलात माझी नेमणूक करवली. जूनला हजर व्हायचं. पक्की नोकरी, विजेचे दिवे, तुझ्या घरापासून एका गाडीचं अंतर. तू माझ्यासाठी नवी कढई घेऊन ठेवलीस, हेही कळलं.

वासू, आता थांब. पुढचं पान आईच्या हातात दे आणि तू बाहेर खेळायला जा. ते तिचं आहे. मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून लिहिलंय, इथल्या मुलांसाठी लिहिते तसं. जोडाक्षर एकच आहे, ते तिच्या नावातलं.

अक्का, ही ओळ तू वाच. घाई नको. बोट ठेव आणि वाच. दिवाळीत मी तुला एक कागद दिला. तू तो वासूला दिलास. डोळे दुखतात, असं बोललीस. तुझे डोळे चांगले आहेत. घर, गुरं, मुलं यात वाचन मागे राहिलं. ते गेलं नाही. पुतळीला सापडलं. तुलाही सापडेल. रोज एक ओळ वाच. आता खरं सांगते. पाऊस आला की ही वाट बंद होईल. मी इथेच राहणार. मुलांना विसरू देणार नाही. दसरा झाला की घरी येईन. कढई जपून ठेव. रागावू नकोस. मला आणायला दाजींना मोटारीवर पाठवू नकोस. बेळगावची नोकरी मी घेतली नाही. तसं लिहून तो कागद परवा रामनगरला टपालात टाकला.

तुझीच,
काशी