परबमामांचं लेथ

४ सप्टेंबर १९८५

दिवसभर लेथवर. हाताला तेलकट वास, दोनदा साबण लावला तरी जात नाही. आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमची मिलिटरीच्या ऑफिसात आहे." बी.एस्सी. झालेली मुलगी, घरातली पहिली, आणि आयटीआय करून मिलिटरीच्या वर्कशॉपात मशीनवर उभी राहते, हे अजून तिच्या तोंडून निघत नाही. मी आत चहा गाळत होते. 

मला लेथ शिकवणारे परबमामा आज खूश. मी कापलेल्या आट्यांवर पहिल्यांदाच नट कुठे न अडकता फिरला. म्हणाले, "आता तुझो हात बसाक लागलो गो बाय." वर्षअखेरीला ते रिटायर. त्यांच्याकडून अजून किती शिकायचं राहिलंय.

११ सप्टेंबर

एका ट्रकचा गिअरबॉक्स उघडलेला. शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजून बारीक झालाय. नवा करायला हवा, पण तसलं पोलाद स्टोअरमध्ये नाही. फोरमन पाठारे मामांच्या लेथपाशी येऊन म्हणाले, "परब, काय वाटेल ते करा, गाडी संध्याकाळी गेटबाहेर पाहिजे." मी शेजारीच होते.

मामांनी शाफ्टवर नर्लिंगचं चाक दाबून खवलं उठवली. जाडी वाढली, बेअरिंग घट्ट बसलं. पण नुसतं खवल्यांच्या टोकांवर. टोकं झिजली की परत सैल. पहिल्याच महिन्यात मामांनीच हे दाखवून सांगितलं होतं, "ह्या कधी करूचा नाय."

आज माझ्याकडे न बघता केलं.

ती गाडी घाट चढणार. चालवणारा माझ्या धाकट्या भावाच्या, बंड्याच्या वयाचा असेल.

१२ सप्टेंबर

गाडी काल निघालीच नाही, बॅटरीसाठी अडकली. जेवणाच्या सुट्टीत कॅप्टनसाहेबांकडे गेले. इन्स्पेक्शन त्यांच्याकडे. सगळं सांगितलं.

"आपने खुद देखा?" हो.

"किसने किया?" परबमामांनी.

"और कुछ?" नाही म्हटलं.

बाहेर आले तेव्हा ऊर भरून आला होता. वाटलं, शिकल्याचं चीज झालं. डबा न खाताच मशीनवर गेले.

१३ सप्टेंबर

गिअरबॉक्स सगळ्यांसमोर उघडला. शाफ्ट बाहेर. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं. मामा उभे, हात मागे. फोरमन म्हणाले, "सर, मुझे तो कुछ मालूम ही नहीं था." माझ्या डोळ्यांदेखत. मामा जमिनीकडे बघत होते. मीसुद्धा.

मामांवर चौकशी. ती होईपर्यंत ते टूल स्टोअरच्या खिडकीत, हत्यारं द्यायला. त्यांचं लेथ माझ्याकडे.

मिलिंगवरचा राईकर चार वाजता आला. नेहमी "काय बी.एस्सी.बाई" करतो, आज नाही. "अगं, आधी मामांना बोलायचं ना. लेथवरचं लेथवर मिटवतो आपण. तू म्हणाली असतीस तर म्हाताऱ्याने स्वतः शाफ्ट परत काढला असता. फोरमनला शिव्या घालून काढला असता."

"आणि नसता काढला तर?"

"मग जायचं वरती. मी आलो असतो तुझ्याबरोबर."

 सांगायला हवंच होतं, हे अजून वाटतं. पण कुणाला आधी, ते मला सुचलंच नाही. मामांशी बोलायची लाज वाटली म्हणून साहेबांकडे गेले की काय. साहेब परके, परक्याशी बोलणं सोपं.

१५ सप्टेंबर

रविवार. कपडे, रेशन. डोक्यात एकच.

"और कुछ?" ला नाही का म्हटलं? फोरमनचं "काय वाटेल ते करा" मी ऐकलं होतं. तेव्हा वाटलं, केलं त्याचं नाव सांगायचं, बाकीचं कशाला. असंच वाटलं होतं का? माझी नोकरी पक्की व्हायला, कन्फर्मेशनवर, फोरमनची सही लागते. ते तेव्हा मनात नव्हतं. नव्हतं बहुतेक.

२४ सप्टेंबर

मायक्रोमीटर हवा होता. आमच्याकडे पितळी बिल्ला दिल्याशिवाय हत्यार मिळत नाही. खिडकीशी गेले. मामांनी मायक्रोमीटर फडक्याने पुसून शून्यावर तपासला, तसाच जसा मला शिकवलाय, आणि पुढे केला.

"बिल्लो दिया मॅडम."

मॅडम.

त्यांच्या लेथचा टूलपोस्ट, कापायचं हत्यार धरणारा, थोडा डावीकडे ओढतो. त्यांना माहीत होतं, ते कसं सांभाळायचे कोण जाणे. विचारू शकत नाही. जॉब बिघडला.

खंडेनवमी

मशीनं बंद. ज्याचं मशीन त्याने पूजा करायची, ही इथली रीत. काल संध्याकाळी थांबून लेथ पुसलं, खाचांतला सगळा लोखंडी कीस काढला. झेंडूची माळ घरून नेली होती, पण घालवेना. राईकर म्हणाला, "घाल गं. मशीन तुझ्या नावावर आहे." माळ घेऊन खिडकीशी गेले.

"मामा, चला ना. तुमच्या हातानेच होऊ दे."

त्यांनी आतली मापं ओळीत मांडली होती, प्रत्येकावर हळदीकुंकू. "माजी पूजा झाली, मॅडम."

परत आले तर साहेब, फोटोवाला आणि फोरमन माझ्याच लेथपाशी. फोरमननी माझ्या हातातली माळ घेतली, घातली, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "घे, मशीन तुला लाभू दे."

खाल्लं मी. नको म्हणता आलं असतं.

३० ऑक्टोबर

चौकशी पुढच्या आठवड्यात. राईकर म्हणतो दोष नक्की झाला तर मामांची पेन्शन अडकेल, निरोपसमारंभही नाही. साक्षीला फक्त मी.

आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.  मग, "फोरमनने सही नाही केली तर घरी बसशील?" रागाने नाही, खरंच विचारत होती. बाबांची रात्रपाळी यंदा सुटणार, ते माझ्या पगारावर ठरलंय.

२ नोव्हेंबर

साहेब बाहेरगावी, सोमवारी येणार. सोमवारी त्यांना भेटायचं ठरवलंय. गाडी काय वाटेल ते करून बाहेर काढा, हे कोण म्हणालं, ते सांगायचं. तेव्हाच का नाही बोललात, असं विचारतील. 

सुट्टीत खिडकीशी गेले. बिल्ला नेला नाही. म्हटलं, "मामा, मी सोमवारी फोरमनचं सांगणारय. आधी तुम्हाला..."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. माझ्या मागे शॉपकडे बघितलं, कुणी ऐकतंय का. मग हळू म्हणाले, "माका इचारू नको गो. इचारलंस तर मी नको म्हणतलंय."

मागे एक जण बिल्ला घेऊन उभा होता. बाजूला झाले.