आधी हाक कुणी मारायची

वेंडेलदादा,

आज माझा समुपदेशनाचा परवाना टपालानं आला. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी तो मोठ्यानं फ्रिजलाच वाचून दाखवला.

"लोकांची रडगाणी ऐकायला परवाना लागतो? आईनं जन्मभर फुकट ऐकली की!" असं तू थँक्सगिव्हिंगच्या जेवणाच्या वेळी म्हणालास. सगळे हसले आणि मी ताटातली टर्की तशीच टाकून उठले. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या ओकलीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाव लहान आहे, पोरी. आपल्याकडे येणारं माणूस बाहेर दिसलं तर आधी ओळख दाखवायची नाही. त्यानं हाक मारली तरच बोलायचं. उगाच चारचौघांत त्याची पंचाईत नको." म्हणून दुकानात, चर्चमध्ये मी तोंड मिटून थांबते. बहुतेक जण नजर चुकवून जातात. अर्ध्या गावाची दुखणी मला ठाऊक आहेत, पण "कशी आहेस" म्हणून विचारणारं कुणी नाही.

आज स्वतःसाठीच केक आणायला गेले, तर पीचच्या डब्यांपाशी तू उभा. बाबांचं जुनं जॅकेट घातलं होतंस. आपली नजरानजर झाली. मी सवयीनं थांबले, तुझ्या हाकेची वाट बघत. तूही थांबलास. मग सामानाची गाडी ढकलत निघून गेलास.

तू माझ्याकडे येणाऱ्यांतला नाहीस, हे मला केक कापताना आठवलं.

पत्र लिहून झालंय. पण टपालात टाकलं, तर आधी हाक मीच मारल्यासारखं होईल, नाही का?

तुझीच,
मेव्हिस