पुढच्या खोलीतला गुरुवारचा तास

मी, भावी शिक्षकांना एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारलं, “आज वार कोणता?” मी म्हटलं, “आज म्हणजे कुठून कुठपर्यंत?” त्यांनी पेन खिशात घातलं. शेवटी मुलगी ओरडली, “बाबा, गुरुवार म्हणा आणि मोकळे व्हा!” मी तसं म्हटलं. तेव्हा आता मी कायद्यानं शहाणा आहे.

कलम एक. राहतं घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. मात्र पुढची खोली दर गुरुवारी तासभर अध्यापक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना द्यावी. तिथे तत्त्वज्ञानाचा तास व्हावा, कारण विद्यालयात तो बंद झाला आहे.

तो बंद कसा झाला, तेही नोंदवतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “या विषयाचा उपयोग काय?” मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “साहेब, उपयोग कशाला म्हणायचं?” साहेब खाली बसले ते तिसऱ्या दिवशी बायको न्यायला आली तेव्हाच उठले. अहवाल कोराच राहिला. प्राचार्यांनी घाबरून आमच्या तासाला तक्ते रंगवायला लावले.

कलम दोन. सदर प्राचार्यांना माझी डुगडुगणारी खुर्ची. माझे विद्यार्थी असताना ते तिच्या पायाखाली माझ्या टिपणांची घडी सारायचे. टिपणांचा तेवढाच उपयोग त्यांनी केला.

कलम तीन. पुस्तकं ज्याला हवीत त्यानं न्यावीत. वाळवीनं आधीच सुरुवात केली आहे.

आता मुलीचा आक्षेप. ती प्राथमिक शिक्षिका आहे. “वर्गात साठ पोरं आहेत, बाबा. त्यांची नाकं पुसू की तुमचं तत्त्वज्ञान उगाळू? खोलीत मला कपाट ठेवायचंय.” तिच्यासाठी मी कलम एक दोनदा खोडलं.

गेल्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि चपला न काढताच बसली. हजेरी घेताना दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, माझी आई वारली. ती आता रोज गैरहजर का?”

“मी म्हटलं, पान चौदा उघड,” माझी मुलगी म्हणाली. “आणि बाबा, तिनं उघडलं हो!” मग ती रडली. “काय सांगायला हवं होतं मी?”

एकतीस वर्षं हाच धंदा केला. “माहीत नाही गं,” म्हटलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ती त्या पोरीच्या बाकावर जाऊन बसली. “मलाही माहीत नाही. आपण दोघी विचार करू,” म्हणाली. कपाटाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

कलम एक कायम. परवा त्या पोरीनं पुढचा प्रश्न पाठवलाय: “मी मोठी झाले, तर आई मला ओळखेल का?” मुलगी वहीत लिहून घेऊन आली. मला याचंही उत्तर येत नाही, आणि माझ्यापाशी फार गुरुवार उरलेले नाहीत. माझ्यामागे या खोलीत माझ्या मुलीबरोबर कुणीतरी बसायला हवं.

स्थळ: पुढची खोली
दिनांक: सोळा, गुरुवार

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही, “वाचून, डोळे पुसून”)

मृत्युपत्र करणार: मास्तर (सही)