चोवीस ओळी

सोमवार, ३ तारीख

रोजनिशीची मला हौस नाही. लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे. माझ्या आधीचा प्रोग्रॅमर एका अक्षराचीही नोंद न ठेवता गेला, म्हणून व्यवस्थापकांनी आल्याआल्याच ही जाड वही हातात ठेवली. रोजचं काम कागदावर लिहायचं आणि नोकरी सोडताना काय काय सोपवलं त्याची यादी करायची. मान्य. शिस्त मला आवडते.

दिवस झकास गेला. वृद्धांचं हे रुग्णालय स्वच्छ आहे. लांबलचक दालन, मोठ्या खिडक्या, मोजून तेवीस खाटा. शेवटून दुसरी माझ्या थोरल्या बहिणीची. तिच्यासाठीच या वयात ही नोकरी धरली. ताई म्हणाली, साठीला टेकलीस, आता तरी केस विंचरत जा. शेवटच्या खाटेवर भूगोलाच्या निवृत्त बाई आहेत. इथे सर्वांत जुन्या त्याच. त्यांनी मला पंधरा नद्या विचारल्या आणि लाल पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून दिली: 'पंधरापैकी चार. नापास.' चिठ्ठी इथेच चिकटवते. खूप दिवसांनी पोटभर हसले.

मंगळवार, ४

नर्सच्या टेबलावर जुना काळा पडदा आहे. चित्रं नाहीत, माऊस नाही. नुसती अक्षरं, कळफलक आणि चोवीस ओळी. आधीच्या माणसाचं अर्धवट, पण चालू असलेलं काम सापडलं, तेच पुढे नेते आहे. लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्यानं चांगली निवडली होती. पडदा कसा रंगवायचा हे तिला सांगायचं नसतं, पडद्यावर काय असावं एवढंच लिहायचं. दर दहा मिनिटांनी ती आपलं लिहिणं पडद्याशी ताडते, फरक तेवढा पुसते, फरक तेवढा लिहिते. आपण मालकिणीसारखं सांगावं आणि तिनं निमूट करावं.

वर नवे पेशंट, खाली जुने, तळाशी ड्युटीवरची माणसं. व्यवस्थापकांनी पडद्याला खरोखरच फूटपट्टी लावून पाहिली. एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे म्हणाले, आणि मावेल तेवढंच दाखवा. तसा नियम लिहिला. ड्युटीच्या जागी एकट्या मोठ्या सिस्टरची ओळ होती. तिच्याखाली मी माझी घातली: 'तंत्रज्ञ'. पगार घेते तर नाव दिसायला हवं.

बुधवार, ५

माझ्या बदलांसह पडदा सुरू झाला. सुबक दिसतो. बावीस खाटा, सिस्टर आणि मी. बरोबर चोवीस.

गुरुवार, ६

सोमवारचं पान वाचलं. तेवीस खाटा लिहिल्या आहेत. मी मोजण्यात चुकत नाही.

भूगोलाच्या बाई कोण?

अक्षर माझं. चिठ्ठीवरचं कुणाचं? मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, बावीसच खाटा पहिल्यापासून, उन्हातून आलात का? शेवटची खाट ताईची आहे. भिंतीला चिकटून. तिच्या पलीकडे जागाच नाही. ताई मात्र पुन्हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून उत्तराची वाट पाहिल्यासारखी थांबते.

दुपारी फूटपट्टीला जाब विचारला. (व्यवस्थापकांचं आता तेच नाव.) रजिस्टरमध्ये अशा कुणी नाहीत म्हणाला. नसणारच! रजिस्टर त्याच पडद्यावरून छापतात. मग हसून म्हणाला, ताई, आता तरी विश्रांती घ्या. मी त्याची ताई नाही. टेबलावर हात आपटून तसं सांगितलं.

शुक्रवार, ७

उद्या अकराला नवी बाई दाखल होणार. वरची ओळ तिची. मग शेवटची —

फूटपट्टीला सांगितलं, घेऊ नका. तो म्हणाला, मावेल तेवढंच दाखवायचं, नियम तुम्हीच लिहिलात. आपल्याच पायावर धोंडा मी मारून घेतला, आणि हा माणूस तो मोजत बसलाय.

दोन खाटा एका ओळीत बसवून पाहिल्या, शेजारच्या शिंपीणबाई आणि ताई. चूक. घोर चूक. दालनात धावले. एक खाट, एक उशी, एकच चादर. ताईचा हात कुठे संपतो ते कळेना. लगेच पूर्ववत लिहिलं, पण लायब्ररी दहा मिनिटांनीच ताडते. दहा मिनिटं त्यांचा एकच श्वास ऐकत उभी राहिले.

नंतर ताईनं विचारलं, मला मघाशी काजं करता येत होती, ते कसं गं?

शुक्रवार, दुपार

चाचणीला मध्ये एक रिकामी ओळ घालून पडदा वरखाली सरकेल असं केलं. खालची कळ दाबली. पहिली खाट गेली. वरची दाबली, ती परत आली आणि ताई —

सगळं पूर्ववत केलं. पुन्हा हात लावणार नाही.

पडदाच बंद करावा? रिकाम्या पडद्यावर किती माणसं असतात?

फूटपट्टीची ओळ खोडावी म्हणून शोधली. नाहीच. यादी करणारा यादीत नसतो. संताप संताप झाला.

क्रम उलटा केला तर नवी बाई जाईल. तीही कुणाची तरी ताई असेल.

शनिवार, ८. सकाळी दहा

मला थोरली बहीण आहे. ती मला केसांवरून बोलते. हे पानावर दहादा लिहिलं, उद्या वाचायला.

आधीच्या माणसाच्या फाइलीत अगदी तळाशी त्याची टीप सापडली. 'माझी ओळ काढली. भूगोलाच्या बाईंना जागा झाली.'

त्यानं रिकामी केलेली ओळ. मी आले आणि हौसेनं स्वतःला तिथे बसवलं. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. बाईंचंही आता — मी घालवलं. मीच.

साडेदहा

फूटपट्टीला टीप दाखवली. म्हणाला, होता कुणीतरी, नाव काय त्याचं? मी वही त्याच्या तोंडावर धरली. त्यानं ओळी मोजल्या. ओळी!

दहा पन्नास

'तंत्रज्ञ' खोडलं. कळ दाबली. अकराला ताडेल. नवी बाई वर, ताई शेवटी. चोवीस. ताईला सांगितलं नाही, फक्त केस विंचरून आले. म्हणाली, आज कुणाचं लग्न?

हस्तांतरण, मोठ्या सिस्टरकडे:

वही, एक. कागदावरचं पुसलं जात नाही, रोज वाचा.

चाव्या, दोन.

लाल पेन्सिलीची चिठ्ठी. बाई होत्या. माणूसही होता.

यापुढे ड्युटीत एकही ओळ वाढवू नये, एकही खाट घेऊ नये. फूटपट्टी ओरडला तर ओरडू दे. तुम्हीही ओरडा.

ताई, एक. शेवटची खाट. चहा कोमट लागतो. खिडकीकडे तोंड करून बसवा. तिला धाकटी बहीण आहे, हे तिला रोज सकाळी एकदा