दुसऱ्या मुलीचं नाव

नॉकबॉन, मेयो
शनिवार

माझ्या खापरपणजीस,

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहिते. उद्या तुझ्या थडग्यावर दगड बसणार आहे आणि आज सकाळपर्यंत त्यावर कोरायला तुझं नावच नव्हतं. चर्चच्या वहीतली तुझ्या लग्नाच्या काळातली पानं दमटपणाने कुजून गेली. जमिनीच्या नोंदीत तू नुसती 'विधवा मॅकहेल'. पण काय नोंद ती! दुष्काळानंतर जमीनदाराने आजूबाजूची घरं पाडली, शेजाऱ्यांच्या नावांवर एकेक करून काट मारली गेली; तुझ्या ओळीवर मात्र कुणाची लेखणी चालली नाही. मी सभा गाजवते, पण इतकं ठाम वाक्य मला अजून बोलता आलेलं नाही.

डेलिया आत्या चहा ओतताना म्हणाली, "गावोगाव भाषणं ठोकतेस आणि एवढं सुचत नाही? दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात ना आपल्यात, बाई!"

मग तुझ्या नातींचे बाप्तिस्मे शोधले. तुझा एक मुलगा इथे राहिला, एक बॉस्टनला गेला. दोघांचीही दुसरी मुलगी सबिना!

तशीच फेस्टी पाथरवटाकडे धावले.

"सबिना, बरं. पुढे कुणाची बायको म्हणून लिहू?"

"कुणाचीच नाही."

"लोक बोलतील हं, ओर्ला."

"बोलू देत. जमीन तिने राखली. जमिनीचं नाव लिही."

दगडावर आता एवढंच आहे: सबिना, नॉकबॉनची.

तुझ्याच चुलीपाशी बसून लिहिणारी,
ओर्ला मॅकहेल