रुजू होण्याआधी

प्रिय समरीन,

पत्र बघून आधी तू हसशील, मग म्हणशील, हिच्या फोनला काय धाड भरली? फोन चांगला आहे गं. परवापासून तू करून राहिलीस आणि मी उचलत नाहीये, हेही तुझ्या ध्यानात आलं असेल. उचलला की तू ‘बोला परमनंट बाई’ म्हणून सुरू होतेस, मी खी खी हसते, मग तुझ्या सनाची शाळा, वारंगा फाट्यावरचं तुझ्या अय्याजभाईंचं पंक्चरचं दुकान, माझ्या आईचं दुखणं असं सगळं बोलून होतं आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे जमीलभाईंच्या हाती पाठवतेय. तुझा भाऊ आहे, फोडून वाचणार नाही एवढा भरवसा आहे. निवांत बसून वाच. लसीकरणाच्या दिवशी वाचू नकोस.

आई आता बरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही, पण तोंड बराबर चालतं. लकव्यानं तेवढी जीभ सोडली, माझं नशीब! सकाळीच विचारत होती, समरीन काहून येईना, भांडलात का दोघी? न्हाई गं माय, म्हटलं, तिला सुट्टी न्हाई. मग तिनं आपल्या हिंगोलीच्या हॉस्टेलच्या गोष्टी काढल्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी डिलिव्हरी बघून भोवळ येऊन पडले आणि तू बाळंतिणीला सोडून मलाच वारा घालत बसलीस, ते तिला मी कधी सांगितलं होतं कुणास ठाऊक. त्या दिवशी मॅडमच्या शिव्या दोघींनी मिळून खाल्ल्या होत्या. आई हसत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

नोकरीही आपल्याला एकाच दिवशी लागली. तुला फाट्यापलीकडचं उपकेंद्र, मला इकडचं. दोघीही कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः ऑफिसात जाऊन पुन्हा नव्यानं रुजू व्हायचं. हे गावातल्या लोकांना कधी उमगलंच नाही. तुझ्याकडची आशाताई जिवनबाई दरवर्षी डोळ्याला पदर लावायची, बाईला काढलं म्हणून, आणि तू परत दिसलीस की मीठमोहऱ्या उतरवायची. आपल्याला मात्र त्या दिवसाची केवढी हौस! वर्षभर एका रजेसाठी तोंड वेंगाडायचं, आणि हा दिवस सरकारच देऊन टाकायचं. सिद्धेश्वरला जायचो, धरणाच्या काठी बसून तळलेले मासे खायचो, बोटं चाटत साहेबांच्या नकला करायचो. आज आपण कुणाच्याच नोकर न्हाई, असं तू मोठ्यानं ओरडायचीस आणि मासे धरणारे लोक बघत राहायचे. किती येड्या होतो गं आपण.

सनाच्या वेळी ब्रेकच्या दिवशीच तुला कळा सुरू झाल्या. पोरगी आडवी होती, सिझर करावं लागलं. दुसऱ्या सकाळी रुजू व्हायच्या वेळेला तू शुद्धीवर पण नव्हतीस. मी ऑफिसात विचारलं होतं, हिचं रुजू कसं करायचं. बाबू म्हणाले, काही होत नाही, बरी होऊन येऊ द्या, ऑर्डर काढून देऊ. आणि दिलीही काढून. फक्त ती दरवर्षीसारखी मुदतवाढीची नव्हती, नव्या नेमणुकीची ऑर्डर होती. त्याचा अर्थ तेव्हा तुलाही कळला नाही आणि मलाही. आपण तर त्या दिवशी पेढे वाटले. इतक्या बायांची बाळंतपणं केलीस, आणि तुझ्या एका बाळंतपणानं तुझी मागची सगळी नोकरी पुसून टाकली. मला आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

कायम करा म्हणून झालेल्या संपात आपण एकाच छत्रीखाली बसलो. घोषणा तू दिल्यास, माझा तर आवाजच फुटत नव्हता. आणि सलग दहा वर्षं भरलेल्यांची यादी लागली तेव्हा तिच्यात मी होते, तू नव्हतीस. तू यादी वरून खाली वाचलीस, परत वाचलीस, आणि माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, चल, दोघींतली एक तर सुटली या जाचातून. सगळ्यांसमोर मला उचलायलाच निघालीस, बावळट कुठली! त्या दिवशी तू मला दोन शिव्या हासडल्या असत्यास ना, तर आज एवढं जड गेलं नसतं. घरी जाताना रिक्षात तू बाहेर तोंड करून बसलीस. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालीस, धूळ आहे. मीही मान डोलावली.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू मला तुझ्या गावच्या बंजारा तांड्यावर नेलंस. थावरा नाईकांनी खाट टाकली, चहा पाजला, समरीनबाईची दोस्त म्हणून केवढं कौतुक केलं. पण लेकराला सुई द्यायला मी हात पुढे केला तर त्याच्या मायनं लेकरू मागे ओढलं आणि तुझ्याकडे दिलं. तू म्हणालीस, राग मानू नको, पहिल्यांदा माझ्याही अंगावर कुत्रं सोडलं होतं यांनी. मला राग नव्हता आला. मला तुझा हेवा वाटला होता. माझ्या गावात मी गेले काय आणि राहिले काय, चार दिवसांत विसरतील.

आता सांगते. मंगळवारी कायम झालेल्यांना जागा निवडायला बोलावलं होतं. माझा नंबर येईपर्यंत माझं गावही दुसरीनं घेतलं होतं, दोनच गावं उरली होती. एक पार आडवळणाचं, आईला घेऊन तिथं राहता येत नाही. दुसरं तुझं. कंत्राटी बाई बसलेली जागा ते रिकामी धरतात, समरीन. तू रोज उठून तिथं जातेस आणि त्यांच्या लेखी तिथं कुणीच नाही. साहेबांनी विचारलं, बोला ताई, कुठलं गाव? मी तुझ्या गावाचं नाव घेतलं. आईचं कारण खरं आहे, पण मी तिच्या आड लपत नाही. मी नको म्हटलं असतं तर माझ्या मागच्या बाईनं तेच घेतलं असतं, असंही मला म्हणता येईल. पण मी तिला विचारलं नाही. तुला फोन लावायला बाहेर गेले नाही. कायमची जागा समोर दिसली आणि मी ती धरली. तुझी ऑर्डर आता पुढं वाढणार नाही, हे ऑफिस तुला या आठवड्यात कळवेल. त्यांच्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. सोमवारी मला रुजू व्हायचंय, आणि चार्ज तुझ्याच हातून घ्यायचाय. तू येऊ नकोस, चावी जिवनबाईकडे ठेव, असं लिहिणार होते. पण मी तुला ओळखते. तू येशील. चहा करशील, जिवनबाईला सांगशील की ही तुमची नवी बाई, आणि मला स्वतः तांड्यावर घेऊन जाशील, लेकरं माझ्या हातात द्यायला लावशील. समरीन, तेवढं करू नकोस गं. माझ्याशी भांड.

म्हणायला तोंड उरलं नाही, तरी तुझीच,
दीक्षा