उसवत गेलेला मफलर

३ तारीख, सोमवार

ताई, आधी सगळ्यांची खुशाली. तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नकोस म्हटलं तरी चढतच असशील. भावोजींचा खोकला थांबला का, की अजून खोकूनच शेजाऱ्यांना उठवतात? भाचीचे दिवस भरत आले ना? तिला म्हणावं, मामा बाळ बघायला येणार म्हणजे येणार. आणि तुझी ती लठ्ठ मांजर उडी मारायला शिकली का? ही रोजनिशी आहे, पत्र नाही, मला ठाऊक आहे. पण कोऱ्या पानावर एकदम आपलंच पुराण लावायचं जिवावर येतं. तू सांगितलंस तसंच करीन. रोज लिहीन, शनिवारी पानं फाडून तुला टपालात टाकीन.

तर पोचलो. वृद्धनिवास झकास आहे. सगळे माझ्याहून म्हातारे, त्यामुळे कित्येक वर्षांनी मी कुठेतरी तरुण ठरलो! खोली धुलाईघराला लागून, म्हणून भिंत कायम कोमट. रात्री पाठ लावून बसायला बरी. व्यवस्थापक बाई म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी. शिक्षण विचारलं. म्हटलं, आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जे शिकलो ते स्क्रू काढून. खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आधीचे डिग्रीवाले फोनच उचलायचे नाहीत. तुम्ही उचललात तरी पुरे.

इथला सगळा संसार एका कॉम्प्युटरवर चालतो. प्रत्येक दारावर छोटी उजळ पाटी आहे, तिच्यावर आत राहणाऱ्याचं नाव येतं. कुणाला कुठलं ताट, कुठल्या गोळ्या, कुणाचं कार्ड कुठलं दार उघडणार, सगळं तोच सांगतो. म्हणजे घरातला कर्ता पुरुष तोच, मी त्याचा गडी.

६ तारीख, गुरुवार

कामात रुळलो. सगळे मला वायरवाले म्हणतात. मलाही आवडायला लागलंय.

कॉरिडॉरच्या टोकाला एक माई राहतात. माझ्या थोड्याच आधी आल्या. त्यांच्या खोलीत पूर्वी एक म्हातारे घड्याळजी असायचे, ते वारले. माईंचं तोंड आणि विणायच्या सुया एकाच वेगानं चालतात. परवा पाटीचा दिवा बदलत होतो तर म्हणाल्या, वायरवाले, तुमची मान बघवत नाही हो, पिसं काढलेल्या कोंबडीसारखी उघडी. लगेच लोकरीचा नवा निळा गुंडा काढला, त्यावरची कागदी पट्टी फाडली आणि माझ्यासाठी मफलरचे टाके घातले. ताई, तुझ्यानंतर माझ्या मानेची काळजी कुणीच केली नव्हती.

११ तारीख, मंगळवार

आज जे झालं ते लिहितानासुद्धा कान तापतायत.

दुपारी कॉम्प्युटरचं मशीन अडखळायला लागलं. म्हटलं, दुरुस्तीला हात घालण्याआधी सगळ्याची एक प्रत बाजूला काढू. कपाटात डिग्रीवाल्यांनी घेतलेल्या जुन्या बॅकअपची डिस्क होती. तिच्यावर नवं उतरवायचं, एवढंच काम. डोळे मिटून करतो मी असलं. आणि मिटलेच म्हणायचे. दिशा उलटी दिली. नव्यावरून जुन्यावर जायच्याऐवजी जुनंच नव्यावर उतरलं. चालू सगळं पुसलं गेलं. डिस्कवर चिकटवलेली तारीख मग बघितली. घड्याळजी जिवंत होते तेव्हाची. माई यायच्या आधीची. मीही यायच्या आधीची.

तेवढ्यात बाई दारात. झालं का, म्हणून विचारलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांनी कालच पाहुण्यांपुढे माझी पाठ थोपटली होती, की डिग्रीवाल्यांना जमलं नाही ते ह्यांनी केलं. तोंडातून निघून गेलं, झालं म्हणून. वर हसलोही.

१२ तारीख, बुधवार

माईंच्या दारावर घड्याळजींचं नाव. ताटही त्यांचंच आलं, बिनमिठाची पेज. गोळ्या त्यांच्या. नशीब, मी वेळेवर पोचलो आणि गोळ्या परत पाठवल्या. सिस्टरना म्हटलं, किरकोळ बिघाड आहे. माईंना माझं ताट दिलं. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाच्या नावावर जेवायचं म्हणजे भाडं तरी माफ करा.

माईंचं नाव हातानं घातलं. नव्या माणसाची नोंद कायम व्हायला बाईंचा पासवर्ड लागतो. तो मागायचा तर सगळं सांगावं लागणार. तूर्त कच्ची नोंद ठेवलीय. उद्या सांगतो.

१४ तारीख, शुक्रवार

कच्ची नोंद रोज सकाळी पुसलेली असते. मी रोज घालतो. माझंही नाव मशीनमध्ये नाही, पण दारं उघडतायत, म्हणून त्याचा विचार केला नव्हता.

आज माईंचा चेहरा उतरलेला. मफलर मला दाखवला. काल वीतभर होता, आज चार बोटं. धागा कुठे तुटलेला नाही, टाका गळलेला नाही, जेवढा कमी झाला तेवढा सुबकपणे गुंड्यावर परत गुंडाळलेला. त्या म्हणाल्या, मीच उसवला असणार आणि विसरले. माझी बुद्धी चळत चाललीय हो वायरवाले. त्यांचे डोळे भरले होते.

ताई, मी काय म्हणावं? मी म्हणालो, वय झालं की होतं असं.

मला ठाऊक होतं हे त्यांचं वय नाही. कसं ठाऊक होतं सांगता येणार नाही, पण होतं. तरी म्हणालो. माझ्या अब्रूसाठी माईंना वेडं ठरवून आलो.

१६ तारीख, रविवार

माईंना आता भूक नसते. आवाज बारीक झालाय. खोलीत टिकटिक ऐकू येते म्हणतात, एकाची नाही, पुष्कळ घड्याळांची. मी कान लावला. येते.

पेजेचं ताट रिकामं परत गेलं. माईंनी हात लावला नव्हता, मी समोर होतो. आचाऱ्याला विचारलं, तर म्हणे, घड्याळजींनी आज चाटूनपुसून खाल्लं. चमचा बघा कसा ताटलीत पालथा घातलाय, त्यांची सवयच ती. ह्याच आचाऱ्यानं पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं की घड्याळजींना खांदा त्यानंच दिला.

१८ तारीख, मंगळवार

सिस्टर माईंच्या अंगावरून निघून गेल्या. जणू तिथे नुसती रिकामी खुर्चीच आहे अशा. माईंनी हाक मारली. दोनदा. मग माझ्याकडे बघून हसल्या, ओशाळवाण्या. स्वतःच कुणाला तरी त्रास दिल्यासारख्या.

मफलर दोन टाक्यांवर आलाय.

बाईंच्या दारापर्यंत गेलो. त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, आता मशीनची काळजीच नाही, सगळं कसं घड्याळासारखं चाललंय. मी वळलो. फोन चालू होता म्हणून वळलो असं स्वतःला सांगितलं.

खोटं आहे ते.

१९ तारीख, बुधवार

माईंनी विचारलं, मी इथे कधी आले हो? मी सांगितलं. मग विचारलं, आणि तुम्ही कोण?

मी वायरवाले म्हणालो. त्यांनी मान हलवली, भिडस्तपणे, न ओळखता. तरी माझ्या मानेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, काहीतरी गुंडाळा हो, वारं आहे.

उद्या. उद्या सकाळी बाईंच्या पाया पडेन —

२० तारीख, गुरुवार

सकाळी आधी माईंकडे गेलो. त्यांना घेऊनच बाईंकडे जायचं होतं.

खिडकीशी एक म्हातारे बसलेले. मांडीवर उघडलेलं घड्याळ, डोळ्याला भिंग. वर न बघता म्हणाले, दार लावा, धूळ येते.

माई नाहीत. पलंगावर चादर वेगळी. सुया नाहीत. उंबऱ्याशी निळा गुंडा पडला होता. अख्खा. कागदी पट्टी जशीच्या तशी, न फाडलेली. दुकानातून आत्ता आणल्यासारखा —

धावलो बाईंकडे. सगळं सांगितलं. डिस्क, उलटी दिशा, झालं म्हणालो ते, माईंना वय झालं म्हणालो ते. रडलो. कानाखाली मारा म्हणालो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पाण्याचा पेला पुढे केला. मग मायेनं विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाला भेटायला आलात?

२१ तारीख, शुक्रवार

कार्ड लागत नाही. आचाऱ्यानं ओळखलं नाही. धुलाईघराशेजारच्या खोलीत डिग्रीवाल्यांचं सामान. आत फोन वाजतोय, ते उचलत नाहीत.

मी सांगतोय सगळ्यांना. फाटकाशी उभा राहून सांगतोय, माझ्या हातून झालं. लोक चुचकारतात. कुणी रागवतच नाही —

माफी मागायला जागाच उरली नाही, ताई.

२२ तारीख, शनिवार

फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. टपालपेटी समोरच आहे. गुंडा खिशात आहे, सारखा चाचपतो.

मागच्या शनिवारची पानं मिळाली ना? सांभाळ. माई आता फक्त त्या पानांत आहेत. वाच, भावोजींना वाचून दाखव. इथल्या बाईंना फोन कर, एक माई होत्या म्हणून सांग, पासवर्ड घालायला सांग. माझं कुणी ऐकत नाही, तुझा आवाज ऐकतील. तुझ्यापुढे कुणाची टाप आहे?

आज तुझा गुडघा कुठला दुखतो ते आठवेना. उजवा की — आणि भाची म्हणजे तुझी थोरली का —

मला शिव्या घाल, ताई. चांगली खरपूस रागाव. लहानपणी रागवायचीस तशी. पण लवकर लिही. पत्ता इथलाच, मी पेटीशी बसून राहीन. दोन ओळी पुरेत. पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरात घाल, वाचता येईल असं. ते तुला आठव —